जुना आजार असताना आरोग्य विमा कसा मिळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुगर, बीपी, दमा, हृदयविकार, किडनीचा त्रास असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. नियम भारतातले आहेत, सरकारी योजनांची माहिती महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आजार लपवून पॉलिसी मिळवण्याचा सल्ला या पानावर कुठेही मिळणार नाही. त्याचं कारण प्रश्न ४ मध्ये सविस्तर दिलं आहे, घाईत असाल तर निदान तेवढं तरी वाचा.

१. मला डायबेटिस आहे. मला मेडिक्लेम मिळूच शकत नाही का?

मिळू शकतो. गोळ्यांवर आटोक्यात असलेली शुगर, बीपी, थायरॉइड किंवा सौम्य दमा असेल तर बऱ्याच कंपन्या अर्ज घेतात. फार तर हप्ता थोडा वाढवतात. खरी दमछाक होते ती इन्सुलिन चालू असलेल्यांची, शुगरमुळे किडनी किंवा डोळ्यांवर परिणाम झालेल्यांची, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांची, आणि कॅन्सर, लिव्हर सिरॉसिस, डायलिसिस या टप्प्यावरच्या रुग्णांची.

विमा नियामक म्हणजे आयआरडीएआयने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं की सर्व वयाच्या आणि जुना आजार असलेल्या लोकांसाठीही पॉलिसी उपलब्ध असायला हव्यात. पण पॉलिसी बाजारात असणं वेगळं आणि तुमचा अर्ज मंजूर होणं वेगळं. प्रत्येक अर्ज स्वीकारलाच पाहिजे अशी सक्ती कंपनीवर नाही, ती आपापल्या निकषांवर ठरवते. हे निकष प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, म्हणूनच एकीने परत पाठवलेला अर्ज दुसरीकडे मंजूर होतो. माझ्या मते नियमातली ही फट बुजायला हवी. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच दारोदार फिरावं लागतं.

२. ‘आधीपासूनचा आजार’ कशाला म्हणतात? दहा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, तोही धरतात का?

पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्या आजाराचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार दिले, तो आधीपासूनचा आजार. दहा वर्षांपूर्वी बरा झालेला आणि त्यानंतर कुठलंही औषध न लागलेला टीबी या व्याख्येत बसत नाही. शुगरचं निदान मात्र पंधरा वर्षांपूर्वी झालेलं असलं तरी गोळी आजही चालू आहे, म्हणून ती बसते.

इथे अनेकांची गफलत होते. व्याख्या ३६ महिन्यांची असली तरी फॉर्मवरचा प्रश्न ‘यापूर्वी कधीही’ असा असू शकतो. तसा असेल तर टीबीचं वर्ष आणि उपचार संपल्याची तारीख लिहायचीच. उत्तर फॉर्मवरच्या प्रश्नाला द्यायचं असतं, व्याख्येला नाही.

३. वेटिंग पिरियड म्हणजे पहिली तीन वर्षं काहीच मिळत नाही का?

तसं नाही. प्रतीक्षा तीन प्रकारची असते. पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठलाच नवा आजार कव्हर होत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं अशा ठरावीक उपचारांसाठी बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं, नियमाने जास्तीत जास्त तीन. आणि तुमच्या जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती.

म्हणजे शुगर असलेल्या माणसाला दुसऱ्या महिन्यात डेंग्यू झाला, सहाव्या महिन्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर क्लेम मिळायला हवा. वाद होतो तो गुंतागुंतीवरून. शुगरवाल्याला हार्ट अटॅक आला की ‘हा शुगरचाच परिणाम’ म्हणून क्लेम अडवला जातो. संबंध कधी थेट असतो, कधी ओढूनताणून जोडलेला असतो. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, कारणं स्पष्ट करणारं लेखी मत सर्वांत कामाला येतं. ते डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, नंतर डॉक्टर गाठणं अवघड होतं.

४. एजंट म्हणतो, ‘फॉर्मवर शुगर लिहू नका, तीन वर्षांनी सगळं चालतं.’ ऐकू का?

ऐकू नका. एजंटचं कमिशन पॉलिसी निघाल्यावर जमा होतं. क्लेमच्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर तुम्ही किंवा तुमच्या घरचे उभे असतात.

मोठ्या रकमेचा क्लेम आला की कंपनी किंवा तिचा टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) हॉस्पिटलचे इनडोअर केसपेपर मागवतो. भरती होताना निवासी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘काही त्रास आहे का, कधीपासून?’ आणि तिथेच नातेवाईक सांगून टाकतात, ‘दहा वर्षांपासून शुगर आहे.’ केसपेपरवर ‘के/सी/ओ डीएम, टेन इयर्स’ (म्हणजे दहा वर्षांपासून डायबेटिस) अशी ओळ पडते. पॉलिसी चार वर्षांची असेल, तर त्या एका ओळीवर क्लेम जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते आणि भरलेले हप्तेही जप्त होऊ शकतात. शिवाय पुढची प्रत्येक कंपनी विचारते, ‘पूर्वी कुणी पॉलिसी रद्द केली आहे का?’ सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, डायबेटिस आणि किडनीचा आजार न सांगितलेल्या मेडिक्लेमच्या प्रकरणात, महत्त्वाची माहिती देणं ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी आहे असं स्पष्ट करून कंपनीचा नकार योग्य ठरवला होता.

आणखी एक गोष्ट हल्ली फार घडते. एजंट स्वतःच्या मोबाइलवर फॉर्म भरतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगता. आरोग्याच्या दहा-बारा प्रश्नांपुढे त्याने सरळ ‘नाही’ टिचकवलेलं असतं. कायद्याच्या नजरेत ते उत्तर तुमचं. म्हणून पॉलिसीची पीडीएफ आली की पहिलं पान बघून फाइल बंद करू नका. शेवटी जोडलेली प्रपोजल फॉर्मची प्रत उघडा आणि आरोग्याच्या प्रश्नांपुढे काय लिहिलंय ते वाचा. चूक दिसली तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून दुरुस्ती मागा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री-लुकचे असतात, त्या काळात ती परतही करता येते.

लपवून झालं आहे आणि आता धास्ती वाटते आहे, त्यांनी प्रश्न २१ पाहावा.

५. मग फॉर्मवर नेमकं काय काय लिहायचं?

आजाराचं नाव, निदानाचं वर्ष, चालू औषधं डोससकट, शेवटचा एचबीए१सी (सरासरी शुगर) किंवा क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किंवा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) यांपैकी जे लागू असेल ते, आणि आजवरची हॉस्पिटल भरती व ऑपरेशनं. आठवणीवर विसंबून लिहू नका, फाइल समोर घेऊन बसा. ‘शुगर आहे’ एवढंच लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘२०१७ पासून शुगर, एक गोळी, किडनी आणि डोळ्यांची तपासणी नॉर्मल’ असं लिहिलेला अर्ज तपासणाऱ्याला निर्णय घ्यायला सोपा जातो. डॉक्टरांचं एक पानी पत्र सोबत जोडलंत तर उत्तम. साध्या सर्दीतापाची नोंद कुणी मागत नाही.

६. ‘बॉर्डरलाइन शुगर’ आहे, गोळी नाही. हेही सांगायचं का?

फॉर्म विचारत असेल तर हो. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर डॉक्टर त्याला प्री-डायबेटिस म्हणतात, ६.५ पासून डायबेटिस. प्री-डायबेटिसमुळे अर्ज सहसा अडत नाही. रिपोर्ट तुमच्या नावावर लॅबमध्ये आहे आणि फॉर्मवर मात्र ‘असामान्य रिपोर्ट नाही’ लिहिलंय, असं असेल तर ते उद्या अडतं.

७. कंपनीच्या मेडिकल तपासणीआधी शुगर कमी कशी दाखवता येईल?

चार दिवस गोड बंद करून काही साधत नाही, कारण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो. तो खूप वाढलेला असेल तर आधी डॉक्टरांकडून औषधं नीट बसवून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि मग अर्ज करा. इतर कशाहीपेक्षा हा उपाय जास्त वेळा कामी येतो, आणि तब्येतीचंही भलं होतं.

८. एका कंपनीने नकार दिला. आता पुढे काय?

आधी नकार लेखी घ्या, कारणासकट. फोनवर ‘सर, सिस्टीम घेत नाही’ एवढ्यावर सोडू नका. पत्रात बघा की हा कायमचा नकार आहे की ‘सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा’ असं लिहिलंय. अँजिओप्लास्टीनंतर लगेच केलेला अर्ज बऱ्याचदा फक्त लांबणीवर टाकलेला असतो.

मग मोर्चा वळवा. सरकारी मालकीच्या चार सर्वसाधारण विमा कंपन्या, तुमच्या आजारासाठीच्या खास पॉलिसी (प्रश्न १०), आणि १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी. आरोग्य संजीवनीच्या मूळ अटी सगळीकडे सारख्या असतात आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के वाटा तुमचा असतो. चारपाच ठिकाणी एकाच वेळी अर्ज टाकू नका. पुढचा फॉर्म ‘आधी कुणी नाकारलं आहे का’ हे विचारतो आणि नकार साठत जातात. त्याऐवजी परवानाधारक ब्रोकर गाठा. एजंट ठरावीक कंपन्यांचा असतो, ब्रोकरने ग्राहकाच्या बाजूने अनेक कंपन्यांचं बघायचं असतं. तुमचे रिपोर्ट दाखवून तो अर्ज करण्याआधीच कंपन्यांचा अंदाज घेऊ शकतो.

९. कंपनी ‘हो’ म्हणते, पण हप्ता वाढवून किंवा एखादी अट घालून. कुठली अट मान्य करावी?

तीन अटी प्रामुख्याने समोर येतात आणि तिन्हींसाठी तुमची संमती लागते.

लोडिंग म्हणजे वाढीव हप्ता. परवडत असेल तर तिन्हींत हीच मला बरी वाटते, कारण पैसे जास्त गेले तरी संरक्षण पूर्ण मिळतं.

को-पे म्हणजे प्रत्येक बिलात तुमचा ठरावीक वाटा. २० टक्के ऐकायला लहान वाटतं, पण ६ लाखांच्या बिलात ते १,२०,००० होतात, आणि तेही नेमके हात रिकामा असताना. तेवढी रक्कम बाजूला ठेवता येणार असेल तरच हो म्हणा.

तिसरी अट त्या आजाराला कायमचं वगळण्याची. किडनीच्या रुग्णाने किडनी वगळलेली पॉलिसी घ्यावी का? दुसरं काही मिळत नसेल तर घ्यावी, असं माझं मत आहे. अपघात, डेंग्यू, पित्ताशयाचे खडे, कॅन्सर यांतून किडनीच्या रुग्णालाही सूट नसते. पण वगळणुकीचे शब्द सही करण्याआधी वाचा. ‘दीर्घकालीन किडनी विकार’ एवढंच लिहिलंय, की ‘किडनीशी थेट वा अप्रत्यक्ष संबंधित काहीही’? दुसरं वाक्य असेल तर ते आटोपशीर करून मागा. किडनीसाठी मग प्रश्न १८ मधल्या योजनांचा आधार घ्यायचा.

१०. डायबेटिस किंवा हृदयरोगासाठीच्या खास पॉलिसी चांगल्या की साधीच बरी?

साध्या पॉलिसीत तुमचा अर्ज मंजूर होत असेल तर साधी घ्या. खास पॉलिसींत प्रतीक्षा कमी असते, काहींत तर पहिल्या दिवसापासून त्या आजाराचा खर्च मिळतो. त्याबदल्यात हप्ता जास्त, आणि काहींत विम्याची रक्कम कमी किंवा उपचारागणिक मर्यादा. इन्सुलिनवर असलेल्यांना किंवा स्टेंट बसलेल्यांना मात्र हाच दरवाजा उघडा सापडतो, तेव्हा तो कमी लेखू नका.

११. प्रतीक्षा कमी करणारा रायडर (पॉलिसीला जोडून घ्यायची जादा सोय) घ्यावा का?

काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ३६ महिन्यांची प्रतीक्षा २४ किंवा १२ महिन्यांवर आणतात. वय पन्नाशीपुढे आणि शुगर जुनी असेल तर पैसे वसूल होतात. रायडर बहुधा पॉलिसी घेतानाच मिळतो, नंतर जोडता येत नाही, आणि कुठकुठल्या आजारांना लागू आहे तेही बघायला हवं.

१२. विमा ५ लाखांचा होता, बिल २ लाखांच्या आतलं, तरी हजारो रुपये खिशातून गेले. असं कसं?

बहुतेक वेळा खोलीच्या भाड्याची मर्यादा नडते. समजा पॉलिसीत रोजचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. फरकाचे १२,००० तुमचे, हे सगळ्यांना कळतं. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ५/८ इतकेच मंजूर होतात. ते १,२०,००० असतील तर ७५,००० मिळतात आणि ४५,००० कापले जातात. एकूण ५७,००० गेले. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. लावली असेल तर हरकत घ्या.

वारंवार भरती व्हावं लागणाऱ्या माणसाने विमा रकमेच्या आकड्याआधी ही अट बघावी. भाड्याची मर्यादा नसलेली ५ लाखांची पॉलिसी ही मर्यादा असलेल्या ७ लाखांच्या पॉलिसीपेक्षा कित्येकदा जास्त पैसे देऊन जाते. सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) घेऊन रक्कम वाढवता येते, पण त्याची प्रतीक्षा वेगळी मोजली जाते.

१३. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त तपासण्या, डायलिसिस यांचा खर्च मिळतो का?

साध्या पॉलिसीत गोळ्या, इन्सुलिन, स्ट्रिप्स आणि नेहमीच्या तपासण्या मिळत नाहीत. त्यासाठी ओपीडी कव्हर लागतं, ते महाग असतं आणि मर्यादा लहान. भरतीआधीच्या ३० किंवा ६० आणि डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतला त्याच आजाराचा खर्च मात्र मागता येतो, आणि बिलं जपून न ठेवल्यामुळे तो बुडतो. डायलिसिस आणि केमोथेरपीला २४ तास भरती लागत नाही, ते डे-केअरमध्ये धरले जातात. प्रतीक्षा आणि वगळणूक यांच्या अटी अर्थात लागू राहतात. औषधांसाठी जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची जेनेरिक गोळी विचारा, डॉक्टरांशी बोलून. करसवलतीचं प्रश्न २० मध्ये आहे.

१४. नोकरीतला ग्रुप विमा आहे, त्यात शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. स्वतःची पॉलिसी कशाला?

कारण तो विमा नोकरीबरोबर जातो. निवृत्तीच्या वेळी साठी आलेली असते, आजार दोनाचे चार झालेले असतात आणि तेव्हा नव्याने रांगेत उभं राहावं लागतं. लहान रकमेची का होईना, स्वतःची पॉलिसी आजच सुरू केली तर प्रतीक्षा नोकरीत असतानाच संपते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येत नाही.

नोकरी सोडतच असाल तर नोटीस पिरियडमध्ये एचआरला लेखी विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. जाता आलं तर झालेल्या काळाचं श्रेय मिळतं. शेवटच्या दिवसानंतर विचारलंत तर उशीर झालेला असतो.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल, तर तिथे जुन्या आजाराची चौकशी न करता उपचार मिळतात.

१५. पॉलिसी घेतल्यानंतर शुगर निघाली. कंपनी नूतनीकरण नाकारेल का, हप्ता वाढवेल का?

नाही. पॉलिसीनंतर उद्भवलेला आजार आधीपासूनचा ठरत नाही. क्लेम घेतले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही आणि तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून हप्ता वाढवता येत नाही. वाढ होते ती त्या पॉलिसीच्या सगळ्या ग्राहकांसाठी, किंवा वयाचा टप्पा बदलला म्हणून. ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची असेल तर जानेवारी २०२५ पासून कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. विमा रक्कम वाढवायला गेलात तर मात्र शुगर सांगावी लागेल, आणि वाढीव रकमेपुरती प्रतीक्षा नव्याने सुरू होईल.

१६. हप्ता भरायला उशीर झाला. सगळं संपलं का?

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५. तेवढ्यात भरलंत तर जुनी वर्षं टिकतात. वार्षिक हप्ता थकलेल्या त्या मधल्या दिवसांत भरती झालात तर क्लेम मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. मुदत टळली तर प्रतीक्षा शून्यापासून सुरू, आणि नवा अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. जुना आजार असलेल्या माणसाने कुठलाही हप्ता लांबवावा, हा लांबवू नये.

१७. कंपनीची सेवा वाईट आहे. शुगर असताना पोर्ट करता, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येतं का?

येतं. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करा. जुन्या कंपनीत काढलेली वर्षं प्रतीक्षेत वजा होतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. पोर्टिंग हा हक्क असला तरी नवी कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते. म्हणून नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. नाहीतर दोन्हीकडून हात रिकामे राहतात, आणि साठीनंतर ते भरून निघत नाही.

१८. वडील ७२ वर्षांचे, बायपास झालेली, कुणीच विमा देत नाही. काही मार्ग आहे का?

आहे, आणि याची विचारणा सर्वांत आधी व्हायला हवी. आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, संरक्षण मिळतं; रक्कम वर्षाला ५ लाख, घरातल्या अशा सर्व ज्येष्ठांना मिळून. बायपास, शुगर, किडनी सगळं पहिल्या दिवसापासून, प्रतीक्षा नाही. आधार कार्डावरून आयुष्मान अ‍ॅपवर किंवा सूचीबद्ध रुग्णालयात ‘वय वंदना’ कार्ड निघतं. चौकशीसाठी १४५५५.

सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेलाही खुली झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली. डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया, कॅन्सरचे उपचार यात आहेत. सूचीबद्ध रुग्णालयात आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं, भरती होण्याआधी तिथे जा. चौकशीसाठी १५५३८८. ठरलेल्या यादीतल्याच उपचारांना आणि सूचीबद्ध रुग्णालयांतच योजना चालते, तेव्हा तुमचं रुग्णालय यादीत आहे का हे आजारी पडण्याआधी बघून ठेवा.

उत्पन्न कमी असेल तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात भेटा. अनेक मोठी, नावाजलेली खासगी रुग्णालयं धर्मादाय आहेत, आणि ते रुग्णांना माहीतच नसतं.

१९. सगळं खरं लिहिलं होतं, तरी ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारला. काय करू?

पहिलं, नकाराचं पत्र घ्या. त्यात पॉलिसीचं नेमकं कलम असायला हवं, आणि कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं मात्र समजू नका. बिल भरून नंतर प्रतिपूर्ती मागता येते.

दुसरं, पुरावा. वाद केसपेपरवरच्या एका ओळीचा असेल, म्हणजे निदान दोन वर्षांपूर्वीचं आणि लिहिलंय ‘टेन इयर्स’, तर पहिल्या निदानाचा रिपोर्ट आणि त्याच डॉक्टरांचं दुरुस्तीचं प्रमाणपत्र जोडा. प्रपोजल फॉर्मची प्रत जोडा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अर्जात सांगितलेली प्रकृती तपासून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली असेल तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याचा मुद्दा कंपनीला काढताच येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

तिसरं, पायऱ्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. तुम्हाला निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोग खुलाच आहे. तिथली मुदत दोन वर्षांची. बरेच लोक पहिल्या नकारावरच गप्प बसतात. बसू नका.

२०. करात काही सवलत? आणि जीएसटी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. हप्त्यावर (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डी) २५,००० आणि ज्येष्ठांसाठी ५०,००० पर्यंत वजावट मिळते. ज्या ज्येष्ठांना विमाच मिळत नाही, त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावरही ५०,००० पर्यंत मिळते, फक्त पैसे रोखीने दिलेले नसावेत. कॅन्सर, किडनी निकामी होणं अशा ठरावीक आजारांच्या उपचारखर्चासाठी वेगळी वजावट (त्याच कायद्यात ८०डीडीबी) आहे. हे सगळं जुन्या करप्रणालीतच.

२१. तीन वर्षांपूर्वी एजंटच्या सांगण्यावरून बीपी लपवलं होतं. आता सांगितलं तर पॉलिसी जाईल का?

जाऊ शकते, हे आधी मान्य करायला हवं. पण क्लेमच्या वेळी सापडण्यापेक्षा स्वतःहून सांगितलेलं बरं, कारण आता फसवणुकीचा हेतू चिकटवणं कंपनीला अवघड जातं. गोळीवर आटोक्यात असलेल्या बीपीसारख्या आजारात कंपनी तुमच्या संमतीने हप्ता वाढवून किंवा त्या आजाराची प्रतीक्षा त्या दिवसापासून लावून पॉलिसी चालू ठेवू शकते. लपवलेला आजार गंभीर असेल तर आधी वकिलाचा किंवा जाणकार ब्रोकरचा सल्ला घ्या.

पत्र साधं लिहा. पॉलिसी क्रमांक, कुठल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं गेलं, निदानाची तारीख, चालू औषध, सोबत रिपोर्ट. फॉर्म एजंटने भरला असेल तर तेही लिहा. ईमेलने पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर येईपर्यंत नूतनीकरणाची तारीख आली तर हप्ता भरून टाका, आणि सरकारी योजनेचं कार्ड काढलं नसेल तर ते याच आठवड्यात काढा.